घरोघरचे इंटरनेट आणि त्यातली दरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याचे सर्वेक्षण हाती घेतलेले विद्यार्थी, बातमीसाठी आकडा शोधणारे पत्रकार, संस्थांचे कार्यकर्ते आणि एक-दोन चिकाटीचे ग्रामपंचायत सदस्य यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, किचकट नंतर. एका उत्तरात आलेले दुसऱ्यात पुन्हा सांगितलेले नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. घरात इंटरनेट "आहे" असे नेमके कधी धरतात?

आधी "घर" म्हणजे काय ते पाहू. जनगणना आणि राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण, दोन्हीकडे कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसे. एकाच वाड्यात दोन भाऊ वेगळे शिजवत असतील तर ती दोन कुटुंबे झाली. आताच्या सर्वेक्षणांत त्या चुलीवरच्या एका जरी माणसाला घरात कुठल्याही साधनावरून इंटरनेट वापरता येत असेल, तर अख्ख्या कुटुंबापुढे "आहे" अशी खूण होते. सहा माणसांत एक स्मार्टफोन असलेले घर आणि वायफाय, तीन लॅपटॉप, चार फोन असलेले घर या मोजणीत सारखेच. हे लक्षात ठेवले तर पुढचे निम्मे गोंधळ टळतात.

२. २०११ च्या जनगणनेत फक्त ३.१ टक्के घरांत इंटरनेट दिसते. ही छपाईची चूक आहे का?

चूक नाही. प्रश्नच तसा होता. त्या वेळी घरयादीत विचारले गेले ते कॉम्प्युटर किंवा लॅपटॉपबद्दल, आणि असल्यास त्याला इंटरनेट आहे की नाही. ९.५ टक्के कुटुंबांकडे कॉम्प्युटर होता. त्यातले ३.१ इंटरनेटसह, ६.३ इंटरनेटविना. (बेरीज ९.४ येते ती पूर्णांकनामुळे. दर वर्षी कोणी तरी ही "चूक" मला कळवतेच.) मोबाइलवरच्या इंटरनेटला त्या कागदावर रकानाच नव्हता. फोन मात्र ६३.२ टक्के कुटुंबांकडे होता आणि ५३.२ टक्क्यांकडे केवळ मोबाइल होता. कॉलेजच्या कट्ट्यावर बटणांच्या फोनवरून रडतखडत पाने उघडणारी मुले या ३.१ टक्क्यांत नाहीत.

२०२७ च्या जनगणनेच्या घरयादीत इंटरनेटची सोय हा कॉम्प्युटरपासून वेगळा प्रश्न आहे. त्याचे उत्तर येईल तेव्हा कोणी तरी ३.१ पासून थेट रेघ ओढून "इतक्या पट वाढ" असा मथळा देईल. तुम्ही देऊ नका. कारण प्रश्न ८ मध्ये आहे.

३. भारतासाठी विश्वासार्ह आकडे कुठे मिळतात?

घरोघर जाऊन विचारलेले मोठे आकडे थोडेच आहेत. २०११ ची जनगणना. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची शिक्षणावरची ७५ वी फेरी, जुलै २०१७ ते जून २०१८, १ लाख १३ हजार ७५७ कुटुंबे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी, २०१९ ते २०२१. आणि जानेवारी ते मार्च २०२५ मध्ये झालेले दूरसंचारावरचे मॉड्यूलर सर्वेक्षण. मधल्या काळात राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७८ व्या आणि ७९ व्या फेरीतही डिजिटल कौशल्यांचे प्रश्न होते. ट्राय या दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे तिमाही आकडे हा वेगळा प्रकार आहे, त्यासाठी प्रश्न ७ पाहा.

४. गाव आणि शहर यांच्यातली दरी वाढली की कमी झाली? एका वाक्यात सांगा.

एका वाक्यात सांगणारा माणूस काही तरी लपवत असतो. आकडे घ्या. इंटरनेट असलेली कुटुंबे, २०११: शहरी ८.३ टक्के, ग्रामीण ०.७ टक्के. २०१७-१८: शहरी ४२.०, ग्रामीण १४.९. (दोन्ही वेळचा प्रश्न वेगळा होता हे प्रश्न २ मध्ये आलेच आहे. इथे फक्त गणित पाहायचे आहे.)

वजाबाकी केली तर आधी ७.६ टक्केबिंदूंचे अंतर होते, नंतर २७.१ झाले. दरी साडेतीन पट वाढली.

भागाकार केला तर आधी शहर गावाच्या जवळपास १२ पट पुढे होते, नंतर २.८ पट. दरी चांगलीच आटली.

आता नसलेल्यांकडून बघा. २०११ मध्ये इंटरनेट नसलेली कुटुंबे गावात ९९.३ टक्के आणि शहरात ९१.७, म्हणजे प्रमाण १.०८, जवळजवळ बरोबरी. २०१७-१८ मध्ये ८५.१ आणि ५८.०, म्हणजे १.४७. या बाजूने दरी पुन्हा वाढली. "आहे"चा भागाकार आणि "नाही"चा भागाकार परस्परविरुद्ध बोलतात, आणि दोन्ही बरोबर आहेत.

सरकारी बाजूचा माणूस भागाकार निवडतो, विरोधातला वजाबाकी. मी दोन्ही सभांना बसलो आहे, तक्ता एकच होता.

हे फक्त आपल्याकडचे दुखणे नाही. अमेरिकेत हाच वाद २००० साली झाला. तिथल्या वाणिज्य खात्याच्या अहवालात डिसेंबर १९९८ ला सर्व कुटुंबांपैकी २६.२ टक्क्यांकडे आणि कृष्णवर्णीय कुटुंबांपैकी ११.२ टक्क्यांकडे इंटरनेट होते. ऑगस्ट २००० मध्ये ते ४१.५ आणि २३.५ झाले. अंतर १५ वरून १८ टक्केबिंदूंवर गेले, पण राष्ट्रीय सरासरीच्या तुलनेत कृष्णवर्णीय कुटुंबे ४३ टक्क्यांवरून ५७ टक्क्यांवर आली.

५. मग मी कोणते माप वापरू?

आधी मूळ टक्केवारी छापा, दोन्ही गटांची, दोन्ही वर्षांची. चार आकडे. माप नंतर. चार आकडे समोर असले की वाचक तुमची निवड तपासू शकतो.

त्यापुढे, निवड तुमच्या प्रश्नावर ठरते. शिधापत्रिका, परीक्षेचा अर्ज, पीकविमा अशी एखादी सेवा फक्त ऑनलाइन केली तर किती जास्तीची घरे बाहेर राहतील, असा प्रश्न असेल तर वजाबाकी हवी, कारण ती माणसे मोजते. प्रसाराचा वेग तपासायचा असेल तर विषमप्रमाण पाहा: असलेल्यांना नसलेल्यांनी भागायचे, हे दोन्ही गटांसाठी करायचे आणि मग त्या दोन उत्तरांचा भागाकार. प्रश्न ४ मधल्या आकड्यांवर ते १२.८ वरून ४.१ वर येते. या मापाचा गुण असा की "आहे"कडून मोजा किंवा "नाही"कडून, निष्कर्ष उलटत नाही. दोष असा की सभेत कोणाला ते समजत नाही.

एक काम टाळा. सुरुवातीचा आकडा एक टक्क्याहून लहान असेल तर "किती पट" ही भाषा वापरू नका. ०.७ चे १.४ झाले की दुप्पट होते, आणि शंभर घरांच्या गावात एकाही घराची भर पडलेली नसू शकते.

६. "गाव शहराच्या किती वर्षे मागे आहे" असे मोजता येते का?

येते, आणि माझ्या मते सामान्य वाचकासाठी हे सर्वात प्रामाणिक माप आहे. स्वारगेटहून दादरला दोन गाड्या सोडा, दुसरी तासाभराने. पहिली पुण्याच्या रहदारीत रांगत असते तेव्हा दोघींतले अंतर थोडे. ती द्रुतगती मार्गाला लागली आणि दुसरी अजून शहरातच अडकलेली असली की अंतर झपाट्याने वाढते. पहिली मानखुर्दच्या कोंडीत थांबली की मागची पुन्हा जवळ येते. किलोमीटरचे अंतर फुगले आणि आटले, पण दुसरी गाडी पूर्ण वेळ एकच तास मागे होती.

नव्या वस्तूचा प्रसारही असाच होतो: सुरुवातीला संथ, मध्ये वेगवान, शेवटी पुन्हा संथ. म्हणून मधल्या वर्षांत वजाबाकीचे अंतर आपोआप मोठे दिसते. तेवढ्यावरून धोरण फसले असे ठरत नाही. सुधारले असेही ठरत नाही.

कृती साधी आहे. मागच्या गटाने आज गाठलेली टक्केवारी पुढच्या गटाने कधी गाठली होती ते शोधा. वरच्या अमेरिकी उदाहरणात कृष्णवर्णीय कुटुंबांनी ऑगस्ट २००० मध्ये २३.५ टक्के गाठले. राष्ट्रीय सरासरी ऑक्टोबर १९९७ ला १८.६ आणि डिसेंबर १९९८ ला २६.२ होती, म्हणजे तिने २३.५ ओलांडले ते १९९८ च्या मध्याला. उशीर साधारण दोन वर्षांचा.

भारतासाठी अडचण अशी की २०११ आणि २०१७-१८ यांच्या मधला, दोन्हींशी थेट जुळणारा बिंदू नाही. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आले, डेटाचे दर कोसळले, आणि रेषेची वळणे त्या मोकळ्या जागेत गेली. दोन टोके सरळ रेघेने जोडून मधले वर्ष काढलेत तर ते चुकणार.

७. ट्राय म्हणते इंटरनेटचे ग्राहक १०० कोटींच्या वर गेले. मग राहिले कोण?

जून २०२५ अखेरचा आकडा १००.२८ कोटी आहे आणि तो बरोबर आहे, पण ती जोडण्यांची मोजणी आहे. माझ्या फोनमध्ये दोन सिम आहेत, दोन्हींवर डेटा चालतो. मी दोन ग्राहक. घरातल्या वायफायची जोडणी तिसरी. उलट बाजूला, एका जोडणीवर हॉटस्पॉट लावून अभ्यास करणारी तीन भावंडे मिळून एकच ग्राहक.

ग्रामीण-शहरी विभागणीतही मेख आहे. गावच्या पत्त्यावर घेतलेले सिम चाकणच्या कारखान्यात वापरले जाते. म्हणून ट्रायचा आकडा बाजार किती मोठा झाला हे सांगायला उत्तम, घराघरातली दरी सांगायला कच्चा.

"ब्रॉडबँड" या शब्दाचीही काळजी घ्या. २००४ च्या धोरणात किमान वेग २५६ केबीपीएस होता, २०१३ मध्ये ५१२ झाला, २०२३ मध्ये २ एमबीपीएस. जुन्या आणि नव्या ब्रॉडबँडची एक रेघ ओढताना या दोन पायऱ्या आलेखावर दाखवायलाच हव्यात.

८. वेगवेगळ्या सर्वेक्षणांचे आकडे एकाच आलेखावर जोडले तर चालेल का?

ठिपके लावा, रेघ जोडू नका. २०११ चे ३.१, २०१७-१८ चे २३.८ आणि २०२५ चे ८६.३ टक्के हे तीन ठिपके खरे आहेत, पण पहिला कॉम्प्युटरवरच्या इंटरनेटचा आहे. नंतरच्या दोनांत फोन धरलेला आहे. पहिल्या दोन ठिपक्यांमधली किती वाढ खरी आणि किती प्रश्न बदलल्यामुळे, हे वेगळे काढता येत नाही.

तुलनेआधी चार गोष्टी ताडून पाहा: प्रश्नाचे शब्द, कोणत्या वयाची माणसे, कोणता कालावधी ("कधी तरी", "गेल्या ३० दिवसांत", "गेल्या तीन महिन्यांत"), आणि एकक कुटुंब की व्यक्ती. ७५ व्या फेरीतच बघा. इंटरनेट असलेली कुटुंबे २३.८ टक्के, पाच वर्षांवरच्या व्यक्तींपैकी इंटरनेट वापरता येणाऱ्या २०.१ टक्के, आणि गेल्या ३० दिवसांत वापरलेल्या १७.६ टक्के. एकच सर्वेक्षण, तीन आकडे, आणि बातमीत तिन्हींचे भाषांतर "इंटरनेट वापरणारे" असेच झालेले मी पाहिले आहे.

९. घरात इंटरनेट आहे, पण फोन कायम नवऱ्याकडे असतो. हे कुठे दिसते?

कुटुंबाच्या आकड्यात कुठेच दिसत नाही. त्यासाठी व्यक्तीला विचारावे लागते, आणि ते तिलाच, कुटुंबप्रमुखाला नव्हे.

कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ३३.३ टक्के आणि पुरुषांपैकी ५७.१ टक्के म्हणाले की कधी ना कधी इंटरनेट वापरले आहे. ग्रामीण स्त्रिया २४.६ टक्के, शहरी पुरुष ७२.५. महाराष्ट्रात स्त्रिया ३८.० आणि पुरुष ६१.५. गोव्यात ७३.७ आणि ८२.९. शेजारची दोन राज्ये, पण गोव्यातल्या स्त्रिया महाराष्ट्रातल्या पुरुषांच्याही पुढे.

आणि हे "कधी तरी"चे उत्तर आहे. भाच्याच्या फोनवर एकदा लग्नाचा व्हिडिओ पाहिलेली बाईसुद्धा "हो" म्हणू शकते. चौथ्या फेरीत हा प्रश्नच नव्हता, त्यामुळे चौथ्या आणि पाचव्या फेरीत स्त्रियांची दरी किती मिटली हे इंटरनेटबाबत काढता येत नाही. स्वतः वापरत असलेल्या मोबाइलबाबत येते: ४५.९ वरून ५४.० टक्के स्त्रिया.

२०२० च्या जूनमध्ये शाळा ऑनलाइन झाल्या तेव्हा हाच फरक घरोघरी टोचला. आकड्यात घर "जोडलेले" होते, पण फोन सकाळी आठला वडिलांबरोबर कामावर जायचा. मुलांचा वर्ग दहाला.

१०. महाराष्ट्राची तामिळनाडूशी तुलना करायची आहे. पाचव्या फेरीचे आकडे चालतील का?

जपून. फेरी एक असली तरी टप्पे दोन होते. महाराष्ट्र, गोवा, केरळ, गुजरात पहिल्या टप्प्यात. महाराष्ट्रातले काम २०१९ मध्येच उरकले, म्हणजे टाळेबंदीच्या आधी. तामिळनाडू, राजस्थान, उत्तर प्रदेश, दिल्ली दुसऱ्या टप्प्यात, आणि तो एप्रिल २०२१ पर्यंत चालला. मधल्या काळात लाखो घरांनी नाइलाजाने स्मार्टफोन घेतले. तुम्हाला दिसणाऱ्या फरकातला काही भाग राज्यांचा आणि काही तारखेचा. पहिल्या टप्प्यातल्या राज्यांची आपसांत तुलना करा, ती निर्धास्त करता येते.

११. आम्ही तालुक्यात ४०० घरे पाहिली. दोन वर्षांपूर्वी ४० टक्के होते, आता ४६. वाढ झाली ना?

झाली असेल, पण तुमच्या नमुन्यावरून ठामपणे म्हणता येत नाही. दोन्ही वर्षी ४०० घरे यादृच्छिक निवडली असतील तर या फरकाची ९५ टक्के खात्रीची मर्यादा सुमारे अधिक-उणे ६.८ टक्केबिंदू आहे. तुमचे ६ त्याच्या आत येतात.

दरी बदलली का हे तपासायचे असेल तर आणखी कठीण. गाव-शहर आणि आधी-नंतर मिळून चार अंदाज, प्रत्येकाची आपली चूक. प्रत्येक वेळी प्रत्येक गटात ४०० घरे घेतली तरी मर्यादा अधिक-उणे ९.७ च्या आसपास जाते. शिवाय बहुतेक जण एका वाडीत जाऊन सलग वीस घरे करतात. वाडीत रेंज असली तर वीसही घरांत असते, नसली तर एकातही नसते. ती वीस घरे वीस स्वतंत्र साक्षीदार नव्हेत, म्हणून खरी मर्यादा याहून रुंद. घरे वाढवण्यापेक्षा वाड्या वाढवा.

१२. पुण्याजवळची गावे महापालिकेत गेली. आता ती ग्रामीण की शहरी?

पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली. पण सर्वेक्षणाचा नमुना जनगणनेच्या जुन्या यादीवर उभा असेल तर उंच इमारतींचे गावही कागदावर ग्रामीणच राहते आणि ग्रामीण आकडा फुगवते. यादी नवी झाली की तेच गाव शहरात जाते, ग्रामीण सरासरीतून तिची सर्वात पुढारलेली घरे निघून जातात, आणि एकाही घराचे नेट बंद न होता दरी रुंदावलेली दिसते. हा प्रकार किरकोळ नाही: जनगणना शहरे (नगरपालिका नसूनही जनगणनेत शहर धरलेली गावे) २००१ मध्ये १,३६२ होती, २०११ मध्ये ३,८९४ झाली. लांब पल्ल्याची तुलना करताना शक्य असेल तर एकाच वर्षाची हद्द दोन्ही वेळांना लावा.

१३. रिचार्ज संपलेला असेल तर "आहे" लिहायचे की "नाही"?

बहुतेक सर्वेक्षणांत ही दरी प्रश्नाच्या फटीतून निसटते. २८ दिवसांचा पॅक संपला, मजुरी आठवड्याने मिळणार, मधले आठ दिवस फोन फक्त येणाऱ्या कॉलपुरता. विचारणारा आधी आला तर "आहे", नंतर आला तर उत्तर माणसावर अवलंबून. स्वतःचे सर्वेक्षण करत असाल तर एक प्रश्न वाढवा: "गेल्या तीन महिन्यांत पैशांअभावी डेटा किती दिवस बंद होता?" आमच्या अनुभवात याचे उत्तर लोक न लाजता देतात. उत्पन्न विचारले की मात्र दार लोटतात.

१४. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांचे काय?

तात्पुरता बाहेर गेलेला एखादा सदस्य घरातच धरला जातो. पण जोडपेच कोयता घेऊन गेले आणि घराला कुलूप असेल तर त्या घराकडून उत्तरच येत नाही. २०२५ चे सर्वेक्षण जानेवारी ते मार्चमध्ये झाले, म्हणजे ऐन गाळपाच्या हंगामात. बीडसारख्या जिल्ह्यासाठी कोणताही आकडा वापरताना क्षेत्रकामाचे महिने आवर्जून लिहा. दोन फेऱ्या वेगवेगळ्या हंगामांत झाल्या असतील तर कोणती घरे मोजली गेली हेच बदललेले असते.

१५. ८६ टक्के घरांत आले. आता मोजण्यासारखे उरले काय?

२०२५ मध्ये ८६.३ टक्के कुटुंबांत घरातल्या घरात इंटरनेट आणि ८५.५ टक्क्यांकडे किमान एक स्मार्टफोन होता. इतक्या वर गेल्यावर "आहे"चा भागाकार सगळ्याच गटांसाठी एकच्या जवळ येतो आणि चित्र गुळगुळीत दिसते. इथे उलटे करून नसलेल्यांचे प्रमाण पाहावे (प्रश्न ४), आणि "आहे"च्या आत शिरावे: माणशी किती साधने, फोनशिवाय दुसरा पडदा आहे का, अर्ज स्वतः भरता येतो का. कॉम्प्युटर असलेली घरे २०१७-१८ मध्ये शहरात २३.४ टक्के आणि गावात ४.४ टक्के होती. फोनने भरून काढलेली दरी इथे उघडी पडते, कारण पंधरा पानांचा प्रकल्प अंगठ्याने टंकणे सोपे नाही.

उरलेल्या घरांना कारण जरूर विचारा. "परवडत नाही", "रेंज नाही", "येत नाही" आणि "नको" यांवरचे उपाय वेगळे आहेत. "नको" लगेच खरे मानू नका, अनेकदा तो "येत नाही"चा स्वाभिमानी उच्चार असतो.

१६. कोकणातल्या घरात एरवी आजी-आजोबा दोघेच, बटणांचा फोन. आम्ही गणपतीत गेलो तेव्हा घरात अकरा स्मार्टफोन होते. काय लिहू?

हा प्रश्न दोन वेगळ्या गटांनी विचारला आहे, म्हणून इथे घेतला. मुंबईहून आलेली मंडळी पाहुणी. त्यांची चूल डोंबिवलीत किंवा विरारला आहे आणि त्यांची नोंद तिथे होणार. इथे लिहिली तर तीच माणसे दोनदा मोजली जातील. आजी-आजोबांच्या चुलीपुढे "नाही" लिहायचे. नातू शेजारी बसून "अहो, आहे ना, हे काय" म्हणत असला तरी.